बदकांच्या चित्रकथा आणि एक अनामिक हात

चित्रकथा हा पोरांचा मामला; टीकाकारानें त्यांत नाक खुपसूं नये, असें आमच्या बरोबरीचे कित्येक विद्वान् मानतात. गेल्या पावसाळ्यापर्यंत आमचेंही मत याहून फारसें निराळें नव्हतें. परंतु घोडेगावच्या आमच्या एका भाच्यानें डॉन रोझा या अमेरिकन चित्रकाराच्या बदककथांचा एक खंड आमच्यापुढें ठेविला, हातीं भिंग दिलें आणि पहिल्या चौकटींतील रेघांच्या गर्दींत चार इंग्रजी अक्षरें शोधावयास सांगितलें. बराच वेळ डोळे ताणल्यावर डी, यू, सी, के हीं अक्षरें सांपडलीं. एवढ्यासाठीं हा खटाटोप काय, असें आम्ही किंचित् त्रासूनच विचारलें.

उत्तरानें आम्हांस गप्प केलें. त्या अक्षरांनीं बदकवाचक शब्द होतो हें खरें. पण तीं एका अर्पणवाक्याचींही आद्याक्षरें आहेत. 'कार्लकाकांस केनोकडून अर्पण' असा त्या वाक्याचा आशय. केनो हें रोझाचें जन्मनांव आणि कार्लकाका म्हणजे कार्ल बार्क्स (१९०१–२०००). १९४२ पासून १९६६ पर्यंत बार्क्सनें डोनल्ड बदकाच्या शेंकडों कथा रचिल्या व चितारल्या; १९४७ सालीं स्क्रूज हा महाकृपण, महाधनाढ्य काका त्यानेंच निर्माण केला. पण मुखपृष्ठावर नांव असे तें वॉल्ट डिस्नेचें. कांहीं चाणाक्ष वाचकांनीं मात्र रेषेच्या वळणावरून व संवादांच्या खुमारीवरून हा 'चांगला बदक-चित्रकार' इतरांपासून वेगळा ओळखिला, आणि १९६० च्या सुमारास पत्रव्यवहार करून त्याचें नांव मिळविलें. तपशील निरखण्याच्या छंदानें एका कलावंतास त्याचें नांव परत दिलें, हें आम्हांस लहान वाटत नाहीं.

रोझा हा त्याच वाचकवर्गांतून पुढें आलेला शिष्य. शिक्षणानें तो स्थापत्य-अभियंता. गुरूच्या कथांत विखुरलेले उल्लेख वेंचून त्यानें १९९२ ते १९९४ या काळांत स्क्रूजचें बारा प्रकरणांचें चरित्र सिद्ध केलें. ग्लासगो शहरांतील एक गरीब पोर जोडे पुसून पहिली कमाई करतें. पण हातीं पडलेलें नाणें निघतें अमेरिकन, स्कॉटलंडांत कवडीमोल! फसविलें गेल्याचा तो क्षण हेंच पुढील सर्व कृपणतेचें बीज होय. ज्यास आपण हंसत होतों त्याची कींव येऊं लागते, हें त्या तपशिलाचें सामर्थ्य.

तथापि शिष्याचा दोषही येथेंच आहे. स्क्रूजच्या कोठींत तीन 'घन एकर' पैसा आहे असें बार्क्स बेधडक सांगतो. एकर हें क्षेत्रफळाचें माप. त्याचा घन भूमितीस मानवणारा नव्हे. पण गुरु थट्टा करून पुढें जातो, तर शिष्य त्या कोठीचा आराखडा काढूं लागतो! बार्क्सच्या चौकटींत मोकळें आकाश आहे. रोझाच्या चौकटींत प्रत्येक विटेस आपलें म्हणणें मांडावयाचें असतें. मौजेची हानि होते ती तेथें.

हा वाद चालला असतां आम्हांस आमच्या जुन्नरचा नाणेघाट आठवला. घाटाच्या माथ्याशीं दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, अशी समजूत आहे. शेजारच्या लेण्यांत सातवाहनांच्या नागनिका राणीनें केलेल्या यज्ञांचा व दिलेल्या हजारों कार्षापणांचा हिशेब कोरलेला आहे. राजपुरुषांचे पुतळे गेले, त्यांचीं नांवें उरलीं. ज्याच्या छिन्नीनें तीं उरलीं, त्याचें नांव मात्र त्या भिंतीवर नाहीं. त्या अक्षरांचें वळण पंडित भिंगानें तपासतात, त्यास आपण विद्या म्हणतों; भाच्यानें बदकाच्या चित्रावर तेंच भिंग धरलें तर तो पोरखेळ कां ठरावा?

असो. पुढील खेपेस नाणेघाटीं जाऊं तेव्हां भाच्यास बरोबर नेण्याचा आमचा बेत आहे. भिंग त्याचेंच असेल.