रूपकम्म आणि रूपकार

आपल्या विहारांतील बुद्धमूर्तींविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतांशी प्रतिष्ठापनेचे वृत्त असते. कोणत्या भदन्तांच्या हस्ते सोहळा झाला, मिरवणूक कोठून निघाली, धम्मदान कोणी दिले, हे सारे त्यात येते. मूर्ती कशी आहे, हे क्वचितच येते. आणि ती कोणी घडविली, हे तर जवळजवळ येतच नाही. मूर्तीकडे आपण श्रद्धेने पाहतो हे योग्यच आहे. परंतु श्रद्धेने पाहणे आणि नीट पाहणे यांत विरोध मानण्याचे कारण नाही. आपल्या भागातील मूर्तिकारांना प्रेरणा कोठून मिळते आणि ते आपल्या कामाला कसे भिडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रेरणा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कलावंताच्या अंगी काहीतरी संचारते, विश्वकर्म्याचा हात त्याच्या हातावर असतो, अशा कल्पना आपण न तपासता स्वीकारलेल्या आहेत. पालि साहित्याची भूमिका याहून वेगळी आहे. संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तात भगवान बुद्ध भिक्खूंना ‘चरण’ नावाच्या चित्राचा दाखला देतात. ते चित्र चित्तानेच योजिलेले असते आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक विविधरंगी असते, असा त्या संवादाचा आशय आहे. परंपरेने बुद्धघोषाच्या नावावर असलेल्या अट्ठसालिनीत याच दाखल्याचा विस्तार येतो. चित्रकाराच्या मनात प्रथम विचार उठतो की येथे अशी अशी रूपे करावीत. त्या विचारातून रेखाटणे, रंग भरणे, उजळ करणे, छाया देणे या क्रिया निष्पन्न होतात. या रूपाच्या वर हे असावे, खाली हे असावे, दोन्ही बाजूंस हे असावे, अशी योजना चालत राहते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या चेहऱ्यावर उजळ आणि गडद रंगांनी आणलेली गोलाई ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या क्रिया केवळ ग्रंथातल्या वाटणार नाहीत. येथे दैवी कृपेला जागा नाही. काम चित्तात सुरू होते, हातात उतरते आणि पुन्हा चित्ताकडून तपासले जाते.

हे माप हाती घेऊन आजच्या मूर्तींकडे पाहिले, तर प्रथमदर्शनी निराशा होते. महाराष्ट्रातील नवबौद्ध मूर्तिपरंपरेचा आरंभ बाहेरून आलेल्या मूर्तीने झाला. देहूरोड येथे 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी ज्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती रंगूनहून आणलेली होती. पुढे थायलंडच्या उपासकांनी दिलेल्या पितळी मूर्ती गावोगाव आल्या. आपल्या मूर्तिकारांपुढे नमुना होता तो या मूर्तींचा, सारनाथच्या पाचव्या शतकातील धम्मचक्रमुद्रेच्या मूर्तीच्या छायाचित्राचा, आणि दिनदर्शिकांवरील रंगीत चित्रांचा. परिणाम असा की एकाच मूर्तीत सारनाथचे हात, थायलंडची ज्वालेसारखी उष्णीष आणि दिनदर्शिकेवरचा गोड चेहरा एकत्र नांदतात. केसांची वलये साच्यातून काढून चिकटविल्यासारखी दिसतात. चीवर अंगावरून उतरत नाही, अंगावर लादलेले असते.

उसने घेणे हा येथे दोष नव्हे. मथुरेने घेतले, गंधाराने घेतले, अजिंठ्यानेही घेतले. दोष असा की घेताना ‘येथे असे का’ हा प्रश्न चित्तात उठत नाही, कारण तो उठावा इतका अवधी आपण मूर्तिकाराला देत नाही. समितीचे लोक जयंतीच्या दोन महिने आधी येतात, उंची सांगतात, मोबाईलवरचे एक छायाचित्र दाखवतात आणि ‘अगदी अशीच’ म्हणून निघून जातात.

या सर्वसाधारण चित्राला छेद देणारे एक काम मी विदर्भातील एका तालुक्याच्या गावी पाहिले. मूर्तिकार पन्नाशीचे, बौद्ध कुटुंबातले. फायबरची पाच फुटी आसनस्थ मूर्ती त्यांनी एका वस्तीतील विहारासाठी केली होती. बाबासाहेबांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध अभिप्रेत होता, असे आपल्याकडे आवर्जून सांगितले जाते. त्यांनाही तशीच मूर्ती करावयाची होती. ऐकावयास हे सोपे वाटते. प्रत्यक्षात आसनस्थ ध्यानमूर्तीची सारी रचना मिटत आलेल्या पापणीभोवती उभी असते. पापणी वर उचलली की भुवई बदलते, गाल ताठरतात, आणि शांत चेहरा एकदम दचकल्यासारखा दिसू लागतो. पहिल्या खेपेस त्यांनी बुबुळे रंगविली. मूर्ती टक लावून पाहू लागली. मग त्यांनी ती पुसून बाबासाहेबांच्या पुतळ्यात करतात तशी बुबुळाच्या जागी खोलगट कोरणी केली, जेणेकरून त्या खळग्यात सावली साठावी आणि सावलीच बुबुळ व्हावी. तरीही दृष्टी वंदना करणाऱ्यांच्या डोक्यावरून दाराबाहेर जात होती. शेवटी त्यांनी मातीचा नमुना पुन्हा घेऊन मान किंचित खाली झुकविली. आता डोळे उघडे आहेत, आणि सतरंजीवर बसलेल्या माणसाकडे पाहताहेत.

त्या विहारात मी तासभर बसलो. मूर्ती निर्दोष नाही. गालांची गोलाई अधिक आहे, बोटे एकसारखी आणि निर्जीव आहेत, चीवराच्या चुण्या नेमक्या तितक्याच अंतरावर पडल्या आहेत जितक्या साच्यात पडाव्यात. परंतु त्या दृष्टीमागे एक विचार आहे. ध्यानातील आत वळलेली दृष्टी आणि बहुजनांच्या हितासाठी बाहेर वळलेली दृष्टी यांतील जो ताण आपण व्याख्यानांतून मांडतो, तो या माणसाने पापणीच्या एका रेषेत सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. प्रेरणा कोठून आली, असे विचारल्यावर त्यांनी बुद्धांचे नाव घेतले नाही. ते म्हणाले, “सर, आई विहारात मागं बसायची. तिला वाटायचं, देव तिच्याकडं बघतच नाही.” ‘देव’ हा शब्द आपल्याला खटकेल. मलाही खटकला. पण त्या माउलीची तक्रार मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक होती.

बाबासाहेबांच्या पुतळ्यांविषयी येथे थोडक्यात सांगतो. बुद्धमूर्ती लक्षणांवरून घडते, दीघनिकायाच्या लक्खणसुत्तातील बत्तीस लक्षणे हा तिचा आधार. बाबासाहेबांचा पुतळा छायाचित्रांवरून घडतो. ज्यांनी त्यांना पाहिले होते अशी माणसे दीर्घकाळ हयात होती आणि चेहरा चुकला तर पहिल्याच दिवशी सांगत होती. ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेला संसद परिसरातील 1967 चा पुतळा, पुढे केलेले बोट आणि हातातील ग्रंथ, हे रूप गावोगाव रुजले. चौथऱ्यावरचा पुतळा खालून पाहिला जातो म्हणून जाणता मूर्तिकार डोके किंचित मोठे घेतो. नवखा घेत नाही, आणि मग पुतळा दुरून लहान डोक्याचा दिसतो. येथे कसोटी कठोर असल्याने काम एकंदरीत बरे झाले आहे. बुद्धमूर्तीला अशी रोखठोक परीक्षा घेणारा समाज आपण अद्याप दिलेला नाही.

आता मूळ मुद्दा. वर सांगितलेल्या विहाराच्या भिंतीवर संगमरवरी फलक आहे. त्यावर उद्घाटक, प्रमुख पाहुणे, समितीचे पदाधिकारी आणि पाचशे एक रुपयांपर्यंतचे दाते यांची नावे आहेत. मूर्तिकाराचे नाव नाही. कारण विचारले असता प्रथम सांगण्यात आले की फलक कोरणारा अक्षरागणिक पैसे घेतो. मग खरे कारण निघाले. हे गृहस्थ वर्षातील चार महिने गणपती करतात. ज्याच्या हातून गणपती होतात त्याचे नाव विहारात कसे लावावे, असा समितीतील काहींचा प्रश्न होता.

प्रश्न हेटाळण्यासारखा नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने तो विचारणे स्वाभाविक आहे. परंतु उत्तर देताना आपण तिपिटकाकडे पाहिले पाहिजे. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मूर्ती घडविणे त्यांत नाही. पूजा न करण्याची प्रतिज्ञा घेतलेला माणूस माती मळून पोट भरतो, तेव्हा प्रतिज्ञा मोडते असे म्हणण्यास आधार शोधावा लागेल. उलट विनयपिटकात नळकार, कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी यांची शिल्पे लोकांत हीन मानली जात असल्याची नोंद आहे, आणि त्याच नियमात एखाद्या भिक्खूला त्याच्या शिल्पावरून हिणविणे हा पाचित्तिय दोष ठरविला आहे. लोकव्यवहारातील उतरंड संघाने ऐकून घेतली, पण तिला आपल्या आवारात वापरू दिले नाही. धंद्यावरून माणसाची योग्यता ठरविण्याचा अनुभव ज्यांच्या पाठीवर आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.

आपल्या लेण्यांचा पुरावाही याच बाजूचा आहे. पितळखोऱ्याच्या उत्खननात सापडलेली बुटक्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लेख आहे की ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. सोनाराने दगड घडविला, यात कलेच्या अभ्यासकाला पुष्कळ सांगण्याजोगे आहे; यक्षाच्या अंगावरील दागिने पाहिले की त्याचा मूळ हात ओळखू येतो. पण मला त्याचे नाव अधिक बोलके वाटते. कण्ह म्हणजे काळा, हे खरे. तथापि कण्हदास हे नाव वासुदेवभक्तीच्या वळणाचे असू शकते. तसे असेल, तर त्या विहारातील संघाने ते खरवडून काढले नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी आपण हे ‘रूपकम्म’ केल्याचे नोंदविले आहे. हे कारागीर एरवी कोणासाठी फण्या आणि डब्या करीत असतील, हे तोरणाने विचारले नाही. भारहूतच्या कठड्यावर बुद्धरक्खित नावाचा रूपकार आपले नाव दाता म्हणून कोरतो. घडविणारा आणि देणारा तेथे एकच आहे. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात देणगीदारांबरोबर देखरेख करणारे भिक्खू आणि दगडकाम, घासकाम करणारे कारागीरही येतात.

सर्वांत ठळक उदाहरण कुशीनगरचे. आपले यात्रेकरू तेथील सुमारे वीस फुटी महापरिनिब्बाण मूर्तीपुढे नतमस्तक होतात. तिच्या आसनावर पाचव्या शतकातील लेख आहे. मूर्ती हरिबल याचे दान आहे, असे तो सांगतो, आणि पुढे घडविणाऱ्याचेही नाव देतो: मथुरेचा दिन्न. तथागतांच्या अंतिम शय्येच्या आसनावर, दात्याच्या नावाशेजारी, एका कारागिराचे नाव शोभले. आपल्या फलकावर ते का शोभू नये?

यावर असे म्हटले जाईल की हे सारे लेख म्हणजे अपवाद आहेत. बरोबर आहे. शेकडो लेखांत दाते आहेत, कारागीर मोजके. प्राचीन काळ आदर्श होता असे माझे म्हणणे नाही; अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीतच. तथापि जी नावे उरली, ती घडविणाऱ्याला उपासकांच्या पंक्तीत बसविताना कोणी अडविले नाही, एवढे निश्चित सांगतात. आणि आज हा प्रश्न केवळ मानाचा राहिलेला नाही. जयंतीचे फलक हाताने रंगविणारे आपल्या वस्त्यांतील रंगारी फ्लेक्सच्या छपाईने पाहता पाहता बेकार झाले. त्यांच्या हातचे बाबासाहेब कोणत्या भिंतीवर होते, हे आता कोणी सांगू शकत नाही, कारण खाली नाव नव्हते आणि भिंतीला पुन्हा चुना लागला. मूर्तिकारांचीही तीच गत साच्यातून निघणाऱ्या तयार मूर्तींनी होत आहे. नाव नसलेल्या कामाची समीक्षा होत नाही. समीक्षा नाही म्हणून दुसऱ्या मूर्तीत पहिलीचा दोष सुधारत नाही.

त्या समितीतील एका तरुण सदस्याने पुढे फलकाखाली एक लहान पट्टी बसविण्याचे कबूल केले. मजकूर काय असावा, हे विचारण्यास मी पुन्हा कार्यशाळेत गेलो, तेव्हा गणपतींचा हंगाम सुरू होता आणि फळ्यांवर ओल्या शाडूचे हात-पाय वाळत होते. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात चैत्याच्या दर्शनी भागावर एक लेख आहे: कण्हाचा अंतेवासी बलुक याने हे केले. बलुकाने आपल्या नावाआधी आचार्याचे नाव घातले आहे. (हा कण्ह आणि पितळखोऱ्याचा कण्हदास एकच, असे म्हणण्याचा मोह होतो, नावाच्या साम्यावर इतका भार टाकू नये.) मूर्तिकारांना मी यातले काही सांगितले नव्हते. त्यांनी हात पुसले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “माझ्या एकट्याचं नको, सर. आधी वस्तादांचं घाला. कुंभार होते ते. हात त्यांनीच दिला.”