‘बलुतं’मधील दगडू : दमन की अनुसय?

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात निवेदनाचे सूत्र दोघांच्या हाती आहे. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या धामणगावी महारवाड्याशी नाळ असलेला दगडू आणि ‘कोंडवाडा’ (१९७४) लिहिणारा मुंबईकर कवी दया ही एकाच माणसाची दोन नावे होत. अशी रचना दिसताच ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा शब्दप्रयोग समीक्षकाच्या ओठांवर सहज येतो. तो कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फ्रॉइडच्या मते, जी इच्छा वा आठवण जाणिवेला सोसत नाही ती दमनाने अबोध मनात लोटली जाते; पण ती नष्ट होत नाही, स्वप्न, चूक वा लक्षण यांच्या रूपाने वेष पालटून परतते. १९२३ मध्ये त्याने इदम्, अहं आणि पराहं अशी त्रिविध मांडणी केली व अबोध ते सारेच दमित नसते, हेही मान्य केले. या विचाराचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. बालपणीची लाज प्रौढ माणसाचे वागणे घडवते, हे पाहण्याची मोठी दृष्टी त्याने आधुनिक समीक्षेला दिली.

परंतु हे माप ‘बलुतं’ला लावताच अडचण उभी राहते. दमित ते, जे स्वतःलाच आठवत नाही. दगडूला तर सारेच आठवते : येसकरकी, मेलेल्या जनावराचे मांस, कावाखान्यातील दिवस. तो विसरलेला नाही. त्याला हे पांढरपेशा जगापासून दडवावे लागले. दडवणे निराळे आणि दमन निराळे. पुस्तक आल्यावर काही सुशिक्षित दलितांनीच ‘ही घाण चव्हाट्यावर कशाला?’ असा आक्षेप घेतला, यावरूनही ती लाज एकट्याची नव्हती हे स्पष्ट होते. तिला व्यक्तीच्या मनाचा विकार ठरवले, की गाव निर्दोष सुटते.

येथे पालि साहित्यातील ‘अनुसय’ ही संकल्पना अधिक उपयोगी पडते. मज्झिम निकायातील महामालुंक्य सुत्तात उताण्या निजलेल्या तान्ह्या मुलाचा दृष्टान्त आहे. त्याला ‘मी’ ही कल्पनाही नसते. तरी सक्कायदिट्ठीचा अनुसय त्याच्या ठायी असतोच. म्हणजे अनुसय ही जाणिवेतून खाली ढकललेली आठवण नव्हे, तर निमित्त मिळताच उठणारी सुप्त प्रवृत्ती होय. सात अनुसयांत ‘मान’ एक आहे, आणि अभिधम्माप्रमाणे ‘मी श्रेष्ठ’, ‘मी समान’ याबरोबरच ‘मी हीन’ हाही मानच.

यावर कोणी विचारील : मग दगडूची हीनभावना हा त्याचाच क्लेश ठरवून आपणही पीडितालाच दोष देत नाही काय? तसे नाही. श्रेष्ठत्व आणि हीनत्व ही एकाच मापाची दोन टोके आहेत, आणि ते माप दगडूने घडवलेले नाही. ज्यांच्याकडे जमीन होती, पाणवठा होता, त्यांनी ते त्याच्या हाती दिले. विचार न करता विटाळ पाळणाऱ्या गावाच्या मनातील मान अधिक खोल निजलेला आहे. कारण त्याला लाजेचे निमित्तच कधी मिळाले नाही. जात ही मनाची एक अवस्था आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच प्रतिपादिले होते; ते मन केवळ अस्पृश्याचे नव्हे.

मात्र ‘फ्रॉइडचे सारे बुद्धाने आधीच सांगितले’ ही आपल्याकडील हौसही आवरली पाहिजे. भवंग म्हणजे अबोध मन, असे समीकरण काही अभ्यासक मांडतात. भवंग हा चित्तवीथी नसताना वाहणारा चित्तप्रवाह आहे. तेथे दडलेल्या इच्छांचा संघर्ष चालत नाही. उपायांतही भेद आहे. मनोविश्लेषण अहंला बळ देऊ पाहते; विसुद्धिमग्गानुसार सीलाने क्लेशाचे आचरण, समाधीने त्याचा उद्रेक आणि पञ्ञेने अनुसय आवरला जातो, आणि शेवटी मोजणारा ‘मी’च उरत नाही.

म्हणून दगडू आणि दया यांचा संवाद हे रोगाचे लक्षण न मानता, दडवलेले उघड पाहण्याची कृती म्हणून वाचणे न्याय्य ठरेल. दगडूने आपला वाटा पाहिला. गावाने आपला पाहणे अद्याप बाकी आहे.