लोणारची हळद आणि लोणारचं चुंबक

तर झालं असं, की पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाच्या सादरीकरणात माझ्या चौथ्या स्लाइडवर एक ओळ होती : ‘लोणार विवराचं वय – ५२,००० वर्षं.’ माझं काम विवराच्या वयावर नाही, क्षारीय पाण्याच्या रसायनशास्त्रावर आहे. ती ओळ फक्त प्रस्तावनेसाठी होती. समितीतल्या एका सरांनी तिथेच थांबवलं आणि विचारलं, ‘‘कशावरून?’’

मी बुलढाणा जिल्ह्यातली. हा आकडा मी शाळेच्या सहलीत वहीत उतरवून घेतला होता आणि तेव्हापासून तोंडपाठ होता. पण ‘कशावरून?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सर शांतपणे म्हणाले, ‘‘मग ही माहिती आहे, ज्ञान नाही. पुढे चला.’’ मी पुढे गेले, पण मन त्या स्लाइडवरच अडकलं.

नंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम पुन्हा लोणारला गेले. या वेळी पर्यटक म्हणून नाही, तर एखाद्या पुस्तकाची समीक्षा करावी तशी त्या जागेची समीक्षा करायला. या जागेनं मला काय सांगितलं, कसं सांगितलं आणि काय सांगायचं राहून गेलं, हे तपासायला. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, म्हणून हा लेख.

विवर हेच संग्रहालय

आपल्याकडे संग्रहालय म्हटलं की शहर आठवतं. विदर्भातल्या माणसाला नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय आठवतं. १८६३ साली सुरू झालेलं, लोकांच्या तोंडी ‘अजबबंगला’. तिथे वस्तू मूळ जागेवरून उचलून काचेमागे ठेवलेली असते. म्हणून तिच्याखाली चिठ्ठी लागते : काय आहे, कधीचं आहे, कुठे सापडलं.

लोणारचं उलट आहे. वस्तू जागेवरच आहे आणि आपण तिच्या आत उतरतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, काठापासून तळापर्यंत साधारण दीडशे मीटर खोल असं हे विवर दख्खनच्या बेसाल्टमध्ये कोरलं गेलंय. दैत्यसूदन मंदिर गावात, धारेचं पाणी काठावर, खाली झाडीत लपलेली जुनी मंदिरं आणि मध्ये सरोवर. नोव्हेंबर २०२० मध्ये या सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. चिठ्ठी चिकटवायला इथे काच नाही. चिठ्ठीचं काम करतात फलक आणि वाटाडे काका. त्यामुळे समीक्षा करायची तर त्यांच्या सांगण्याची करावी लागते.

पहिला प्रयोग : हळद

आमच्याबरोबर जे काका होते त्यांच्या खिशात दोन वस्तू होत्या. हळदीची पुडी आणि लोहचुंबक.

पाण्याजवळ पोचल्यावर त्यांनी आधी माझीच पाण्याची बाटली मागितली. तळहातावर चिमूटभर हळद घेऊन त्यावर ते पाणी टाकलं. हळद पिवळीच. मग दुसऱ्या तळहातावर तेवढीच हळद आणि सरोवराचं पाणी. हळद लालभडक! बरोबरची पोरं ओरडलीच. काका म्हणाले, ‘‘कुंकू झालं बघा.’’

यात खरोखरच कुंकवाचंच रसायनशास्त्र आहे. हळद आणि अल्कली एकत्र आले की लाल रंग येतो. सरोवराच्या पाण्यात सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट भरपूर आहे आणि त्याचा सामू दहाच्या आसपास असतो.

आता हा प्रयोग संशोधकाच्या नजरेनं बघा. काकांनी आधी बाटलीचं पाणी वापरलं. याला आपण ‘कंट्रोल’ म्हणतो. तो नसता तर हळद नुसती ओली झाल्यानंच लाल होते, असंही कुणी म्हणू शकलं असतं. दोन्ही वेळा हळद तीच, फरक फक्त पाण्याचा. त्यामुळे निष्कर्ष घट्ट बसतो. मी त्यात घरी येऊन थोडी भर घातली. एका वाटीत मिठाचं पाणी, दुसऱ्या वाटीत धुण्याच्या सोड्याचं. मिठाच्या पाण्यात हळद पिवळी राहिली, सोड्यात लाल झाली. म्हणजे हळद सरोवराचं ‘खारेपण’ दाखवत नाही, ‘क्षारीयपण’ दाखवते. लोणारचं पाणी दोन्ही आहे, पण आपण बोलताना दोन्ही शब्दांची सरमिसळ करतो. हळद ती करत नाही.

माझ्या मते लोणारमधलं हे सर्वोत्तम प्रदर्शन. खर्च शून्य, कंट्रोलसकट, आणि बघणाऱ्याला स्वतः करून बघता येण्यासारखं.

दुसरा प्रयोग : चुंबक

मग काकांनी चुंबक काढलं आणि काठावरच्या मातीत फिरवलं. काळे कण झुबक्यानं चिकटले. ‘‘ही उल्का,’’ काका म्हणाले. पोरं पुन्हा ओरडली. या वेळी मी नाही ओरडले.

हा प्रयोग दिसायला पहिल्याइतकाच जोरदार आहे, पण यात कंट्रोल नाही. हेच चुंबक लोणारपासून लांब, माझ्या गावच्या ओढ्यातल्या वाळूत फिरवलं तर? लहानपणी आपण सगळ्यांनी ते केलंय. तिथेही काळे कण चिकटतात! कारण बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असतात. दगड झिजतो आणि ते कण मातीत उतरतात. चुंबकाला कण चिकटले, यावरून फक्त एवढंच कळतं की कण चुंबकीय आहेत. ते आकाशातून आले की पायाखालच्या दगडातून, हे कळत नाही. लोणारच्या आडव्या मारुतीच्या मूर्तीचा दगड चुंबकीय आहे असं सांगतात, त्यालाही हाच प्रश्न लागू होतो.

मग उल्केचा अंश आहे, हे शास्त्रज्ञ कशावरून म्हणतात? लोणारला आघाताच्या उष्णतेनं वितळून तयार झालेले बारीक काचगोळे सापडतात. त्यांतलं निकेल, क्रोमियम, कोबाल्ट यांचं प्रमाण मोजलं आणि तिथल्याच मूळ बेसाल्टशी ताडून पाहिलं. गोळ्यांमध्ये ते जास्त निघालं. इथे मूळ बेसाल्ट हा कंट्रोल झाला. म्हणजे तर्क काकांच्या हळदीसारखाच, फक्त उपकरण महागडं.

काकांवर मी टीका करत नाहीये. त्यांनी दोन्ही प्रयोग तितक्याच प्रेमानं दाखवले. टीका आपल्यावर, म्हणजे बघणाऱ्यांवर आहे. दोन्ही वेळा आपण सारखंच ‘वा!’ म्हणतो. संशोधन शिकणं म्हणजे या दोन ‘वा!’मधला फरक ओळखणं.

ज्वालामुखी की उल्का?

सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये लोणारची नोंद केली. पुढे बराच काळ अनेकांना हे ज्वालामुखीचं मुख वाटत होतं. यात मूर्खपणा काहीच नव्हता. चहूकडे लाव्हाचा दगड आहे, मध्ये गोल खड्डा आहे, मग आणखी काय सुचणार?

वाद मिटवणारा पुरावा १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. विवराच्या तळाशी छिद्रं घेऊन काढलेल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं, ते हे. एवढा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. गंमत बघा, खड्ड्याचा आकार दोन्ही कल्पनांना चालत होता, मास्केलिनाइट एकीलाच चाललं. चांगला पुरावा म्हणजे जो दोन शक्यतांपैकी एकीला दार दाखवतो. आपल्या प्रबंधातल्या प्रत्येक आलेखाला हा प्रश्न विचारा : हा आलेख माझ्या विरुद्धच्या गृहीतकालाही चालला असता का?

आता तो आकडा

५२,००० वर्षं हा आकडा ऊष्मादीप्ती पद्धतीनं आला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला, सोबत अधिक-उणे ६,००० वर्षं. पद्धत साधारण अशी : खनिजात किंवा काचेत आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे ऊर्जा हळूहळू साठत जाते. प्रचंड उष्णता मिळाली की साठा रिकामा होतो आणि घड्याळ शून्यावर येतं. पुढे किती साठलं ते मोजायचं.

२०११ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं वेगळं वय आलं : ५,७०,००० वर्षं, अधिक-उणे ४७,०००. इथे पोटॅशियमपासून तयार होणारा आर्गॉन वायू मोजतात. खडक वितळला की जुना आर्गॉन निघून जातो आणि नवा साठू लागतो.

दोन्ही आकड्यांत सुमारे ११ पटींचा फरक आहे. पहिल्याची वरची मर्यादा ५८,०००, दुसऱ्याची खालची ५,२३,०००. दोन्ही एकमेकींच्या जवळपासही फिरकत नाहीत. मग ‘अधिक-उणे’ला अर्थ काय? अर्थ आहे, पण मर्यादित. पद्धतीमागची गृहीतकं बरोबर असतील तर मोजणीत किती चूक होऊ शकते, एवढंच तो सांगतो. गृहीतकच चुकलं असेल तर त्याला पत्ता नसतो.

इथे चुकीची दिशा तपासायची. ऊष्मादीप्तीत साठलेली ऊर्जा काळाच्या ओघात गळली, तर वय खरं आहे त्यापेक्षा कमी येईल. आर्गॉनमध्ये उलटं. मूळ बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्यातला जुना आर्गॉन पूर्ण निघून गेला नसेल, तर वय जास्त येईल. आर्गॉनवाल्यांनी हा धोका ओळखून त्याचा हिशेब केला होता, म्हणून माझा कल आज दुसऱ्या आकड्याकडे आहे. पण तो कल आहे, शपथ नाही.

यानं फरक काय पडतो? पुष्कळ. बेसाल्टमधली आघातविवरं पृथ्वीवर फार कमी आहेत, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारकडे बघतात. विवराचा काठ किती झिजलाय हे डोळ्यांसमोर आहे. पण ती झीज ५२,००० वर्षांत झाली की ५,७०,००० वर्षांत, यावर झिजण्याचा वेग ११ पटींनी बदलतो. वय चुकलं की पुढची सगळी गणितं चुकली.

आणि फलकांवर, माहितीपत्रकांवर, आमच्या सहलीच्या वह्यांत? एकच आकडा. पद्धत नाही, अधिक-उणे नाही, दुसरं मत नाही. माझी खरी तक्रार ही आहे. लोकांना कळणार नाही म्हणून आपण वाद झाकून ठेवतो. पण ज्या पोरांना हळदीतला कंट्रोल कळतो, त्यांना दोन घड्याळांची गोष्ट नक्की कळेल.

वाद दाखवला तर काय होतं

जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. आधी संशय एका लाल शेवाळावर होता. मग नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले आणि कारण निघालं हॅलोआर्किया हे खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव. त्यांचा थर खाली बसला की वरचं पाणी नितळ होत होतं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हता. आमच्या आळीतल्या काकू तेव्हा फोनवर सांगायच्या, ‘‘आधी शेवाळ म्हणत होते, आता जंतू निघाले.’’ अंदाज, तपासणी, दुरुस्ती! पूर्ण संशोधनपद्धती एका वाक्यात. कुणाचा विज्ञानावरचा विश्वास उडाला नाही.

परतताना सिंदखेडराजाला थांबले. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराव जाधवांचा राजवाडा आणि समाधी. तिथे हात आपोआप जोडले जातात, माझेही जोडले गेले. पण वहीत मी चार रकाने आखले : शिलालेख, कागदपत्र, बांधकामाची शैली, परंपरेनं सांगितलेलं. ऐकलेलं प्रत्येक वाक्य एकेका रकान्यात टाकत गेले. परंपरा हाही पुरावाच आहे, फक्त तो कोणत्या जातीचा आहे हे माहीत हवं. असं करताना श्रद्धा कमी झाली नाही, उलट मी त्या भिंतींकडे जास्त वेळ बघत राहिले.

तुम्ही पुढच्या वेळी लोणारला किंवा शहरातल्या कुठल्याही संग्रहालयात जाल, तेव्हा एकच फलक निवडा आणि तीन प्रश्न लिहा. हे कशावरून? कंट्रोल कुठला? चूक असेल तर कोणत्या बाजूला? उत्तरं तिथे मिळाली नाहीत तर शोधनिबंधात शोधा. तोच तुमचा पहिला साहित्य-आढावा.

माझी चौथी स्लाइड मी बदलली आहे. आता तिथे दोन आकडे आहेत, दोन पद्धती आहेत आणि खाली एक ओळ : ‘वयाबद्दल मतभेद आहेत.’ पुढच्या सादरीकरणात सर पुन्हा थांबवतील, याची मी वाट बघतेय.