मागच्या सीटवरून

नाटकाचं परीक्षण फुकट पासावर पहिल्या रांगेत बसून लिहितात, पुस्तकाचं परीक्षण मलपृष्ठ वाचून लिहितात आणि मोटारीचं परीक्षण ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहितात. यांपैकी एकाही परीक्षणावर माझा विश्वास नाही. मोटार कळायची असेल तर मागच्या सीटवर बसावं. तिथं हातात स्टिअरिंग नसतं आणि पायाखाली ब्रेक नसतो. जे काही कळायचं ते थेट कंबरेला कळतं.

हे सांगायचं कारण म्हणजे माझा नशिराबादचा भाचा. त्यानं अंगणातल्या कडुनिंबाखाली आपल्या जुन्या होंडा सिटीचा क्लच आणि सस्पेन्शन स्वतःच्या हातानं बदललं आणि वर मला म्हणाला, "मामा, तुम्ही कशाकशावर लिहिता. आमच्या गाडीवर लिहा की एकदा!" आता मागितलेला अभिप्राय द्यायचा म्हणजे खरा द्यायला हवा.

आधी मूळ कृतीचा परिचय. व्हीटेक इंजिनाची ही सिटी आपल्याकडे 2000 साली आली. इंजिन दीड लिटरचं, ताकद 106 अश्वशक्ती. ज्या देशानं 37 अश्वशक्तीच्या मारुती 800 मध्ये सहा माणसं आणि वर वळकटी घालून अष्टविनायक उरकले, त्या देशाला हे घोडे जरा जास्तच होते. भाच्याला मात्र ते कमी पडले. त्यानं इंजिनाची काही मनधरणी करून त्याचा जोर वाढवला आणि लगेच क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडायचं, गाडी मात्र विचार करत राहायची.

क्लच हा सोयरीक जुळवणारा मध्यस्थ आहे. इकडे गरागरा फिरणारं इंजिन, तिकडे ठप्प उभी चाकं. दोघांना हळूहळू जवळ आणायचं आणि जमलं की आपण बाजूला व्हायचं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या चिमटीत एक चकती धरलेली असते. तिचं घर्षण आणि चिमटीचा दाब यांवर सगळी ताकद चाकांकडे जाते. ताकद वाढली की दाब वाढवायचा, चकतीला जास्त पकडणारा माल लावायचा. भाच्यानं दोन्ही केलं. हिशेब बरोबर होता. क्लच आता घसरत नाही.

पण मध्यस्थ असा कडक मिळाला की एकतर सोयरीक नाही, नाहीतर दोन्ही पक्ष एकमेकांच्या अंगावर! आपल्या ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य हाफ क्लचवर जातं. नशिराबादच्या बाजारातून गाडी काढायची म्हणजे पुढं हातगाडी, डावीकडे रिक्षा, उजवीकडे म्हैस आणि म्हशीच्या मनात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तिथं क्लचनं मींड घ्यायची असते. हा क्लच फक्त ताना मारतो. चौपदरी हायवेवर गाडी एकदा टॉप गिअरमध्ये गेली की क्लचला कामच उरत नाही. म्हणजे जिथं त्याची कला दिसायची, तिथंच तो बेसूर. शिवाय पेडल इतकं जड, की भाच्याची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होणार याची मला खात्री आहे.

आता कमानी. त्यानं आखूड आणि ताठ स्प्रिंगा बसवून गाडी दोन इंच खाली आणली. वळणावर ती अजिबात कलत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. रेसच्या गुळगुळीत ट्रॅकवर हे उत्तमच. पण आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचा गावाकडचा रस्ता दर वर्षी नव्यानं लाटा काढतो. स्प्रिंगेचं काम माणसाला मऊ ठेवणं एवढंच नाही. चाकाला रस्ता सोडू न देणं हे खरं काम. ताठ स्प्रिंग अशा रस्त्यावर चाक उडवते आणि हवेतलं चाक वळतही नाही, थांबतही नाही. स्प्रिंग नवी आणि शॉक ॲब्सॉर्बर जुना, म्हणजे तबलजी एका लयीत आणि पेटीवाला दुसऱ्याच. आमच्याकडचा केळीचा ट्रकवाला हे कुठंही न शिकता सांगेल. भरलेला ट्रक झुलत जातो, रिकामा तोच ट्रक उड्या मारतो. कमान ओझं आणि रस्ता बघून असावी, हौस बघून नव्हे.

मात्र कारागिरीला मी नमस्कार करतो. क्लचची चकती ताटलीएवढी, पण तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. भाच्यानं एकेक नटबोल्ट आईच्या पापडाच्या डब्यात चिठ्ठ्या लावून ठेवला. कुठला किती आवळायचा ते मोजून आवळला. गाडी विटांवर चढवली नाही. वीट न सांगता फुटते आणि खाली माणूस असतो. त्यानं लोखंडी घोड्या लावल्या. एकशे सहा घोड्यांना चार घोड्यांनी तोलून धरलं! दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात घेऊन जाते, म्हणून ती कामं त्यानं घाई न करता केली. यात मला त्याच्या आईचा डोळा लागेना एवढंच उणं.

कायद्याचंही सांगून टाकतो. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे. भाचा म्हणाला, "मामा, क्लच कोण उघडून बघतं?" बरोबर आहे. पण दोन इंच बसलेली गाडी लांबूनही दिसते.

आणि शेवटी मागची सीट. तरसोदच्या गणपतीला निघालो. भाच्याचे मित्र म्हणाले, "काय पळते भो!" पळते खरी. पण चौघं बसलो की गतिरोधकावर तिचं पोट घासतं. मग आम्ही उतरायचं, गतिरोधक पायी ओलांडायचा आणि पुन्हा बसायचं. आक्का, म्हणजे त्याची आई, तिसऱ्यांदा उतरताना कंबरेवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "बैलगाडीत निदान खाली कडबा तरी असायचा रे."

याहून नेमकं परीक्षण मी लिहू शकत नाही. वेगवान गाडी ती, जी आपल्या रस्त्यावर, आपल्या माणसांना घेऊन वेगानं जाते. स्प्रिंगा मूळ उंचीच्या घाल, शॉक नवे बसव, क्लच एक पायरी मऊ कर, असा सल्ला मी दिला. भाच्यानं विचारलं, "मग गुण किती?"

हातांना नव्वद. क्लचला चाळीस. कमानींना पस्तीस आणि तेही आक्कानं दिलेत, आई आहे म्हणून.