कोलारचें सोनें आणि कोलारचीं माणसें

कोलारच्या सुवर्णखाणींचें नांव घेतां आज बहुतेकांस 2018 सालचा ‘के. जी. एफ.’ हा कन्नड बोलपट आठवतो. त्यांत खाणीचा शोध 1951 सालीं लागतो आणि एका क्रूर धन्याच्या तटबंदीआड गुलाम राबत असतात. कल्पितास कल्पित म्हणून आमची हरकत नाहीं. परंतु हेंच आतां लोकांच्या मनांत इतिहास होऊन बसूं लागलें आहे, म्हणून जानकी नायर यांच्या ‘मायनर्स अँड मिलहँड्स’ या 1998 सालच्या ग्रंथाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

खरा धनी तटबंदींत राहणारा नव्हता. जॉन टेलर आणि कंपनी या लंडनच्या पेढीनें 1880 सालीं येथें काम हातीं घेतलें. अशा पेढीचे अहवाल भागीदारांसाठीं लिहिलेले. सोनें किती औंस निघालें, खाण किती फूट खोल गेली, याचा हिशेब त्यांत चोख. 1902 सालीं शिवसमुद्रमची वीज दूरवरून तारांनीं खाणींवर आली, हें कौतुक तर प्रत्येक लेखकानें गाइलें आहे. खालीं उतरणारा तमिळ दलित मजूर मात्र या कागदांत केवळ आंकडा म्हणून येतो.

नायरबाईंनीं या मजुरास इतिहासाच्या मध्यभागीं आणलें, हें त्यांचें मोठें काम. 1930 सालीं कंपनीनें मजुरांच्या बोटांचे ठसे घेण्याचें ठरवितांच त्यांनीं संप पुकारला. व्यवस्थापकांस ही नुसती नोंदणी. आमच्या मतें ज्याच्या बोटांचे ठसे मागितले, त्याच्या लेखीं तो इभ्रतीचा प्रश्न होता. हा एक प्रसंग औंसांच्या दहा कोष्टकांहून अधिक सांगून जातो.

तथापि आमची एक तक्रार आहे. बंगळूरच्या गिरण्यांसही वाटा द्यावा लागल्यानें गांव म्हणून कोलार या ग्रंथांत पुरतें उभें राहत नाहीं. तें काम गांवच्याच अभ्यासकानें करावयाचें आहे. त्यास इंग्रजी दप्तराइतकीच म्हाताऱ्यांची तमिळ बोली, चर्चमधील नोंदवह्या आणि दफनभूमींतील दगड वाचतां आले पाहिजेत. आणि त्यानें त्वरा करावी. 28 फेब्रुवारी 2001 रोजीं खाणी बंद झाल्या. ज्यांचे वडील तीन किलोमीटर खोल उतरत, तीं मुलें आज पहांटेच्या गाडीनें बंगळूरला कामास जातात.