मे महिन्यात पाहावा असा नाला

शिरपूर तालुक्यातले बंधारे पाहायला लोक पावसाळा सरताना जातात आणि तुडुंब पाण्याचे फोटो काढून परततात. खरी कारागिरी पाहायची तर मे महिन्यात जावं. तेव्हा जिथे नाला कोरडा पडलेला असतो, तिथे उभ्या कडांवर तापीच्या गाळाचे थर उघडे दिसतात: वर चिकण पिवळी माती, तिच्याखाली वाळू, गोटे. पिवळ्या मातीतून पाणी फारसं मुरत नाही. वर्षानुवर्षं पूर तिच्यावरून वाहत तापीला मिळायचा आणि खालची वाळू कोरडीच राहायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत काम केलेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून, शिरपूरचे राजकीय नेते अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर, हे झाकणच काढलं. नाला रुंद केला आणि १०-१५ मीटरपर्यंत खोल नेला. कुठे थांबायचं ते थराने ठरवलं. या जागी अंदाजपत्रकापेक्षा कडेच्या मातीचा रंग मोठा अधिकारी ठरला, याची मला फार मौज वाटते.

मग बंधारा. सिमेंटचा, बुटका, दरवाजाच नसलेला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं नशीब पावसाळ्याअखेर फळ्या कोण बसवणार आणि त्या तोवर चोरीला तर गेल्या नाहीत ना, यावर टांगलेलं असतं. इथे बसवायला-काढायला काहीच नाही; पूर माथ्यावरून निघून जातो. भिंत बुटकी ठेवणं परवडतं, कारण साठा खोदलेल्या पोटात आहे. पाणी काठाच्या खालीच राहतं, म्हणून कुणाचं शेत बुडत नाही आणि भूसंपादनाची फाईलही उघडावी लागत नाही. या एका निर्णयात किती कटकटी जिरल्या, ते पाटबंधारे खात्यात हयात घालवलेला माणूसच जाणे!

उत्तरेला सातपुड्याकडे काळा खडक लागतो. तिथे वाळू नाही. पाणी मुरतं ते मुरमात आणि भेगाळ थरात. त्याखाली अखंड पाषाण लागला की पोकलेन थांबवायचा, कारण पुढे नुसता खड्डा होतो. ही पद्धत ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून गाजली आणि त्या नावाने इतरत्र नाले सरसकट खरवडले गेले, तेव्हा नक्कल झाली खोलीची, थर वाचायचं राहूनच गेलं.

गाळाच्या भागातल्या कडा पुन्हा पाहा. तळावर दरवर्षी गाळ बसतो आणि मुरणं मंदावतं. तो उपसावाच लागतो. पण उभ्या कडेत उघडी पडलेली वाळू आडव्या अंगाने पाणी घेत राहते. लांबट चरासारख्या आकाराचं शहाणपण इथे कळतं: तेवढंच पाणी गोल तळ्यात साठवलं असतं, तर कड कितीतरी कमी मिळाली असती.

बंधाऱ्यांमधलं अंतरही सहज पडलेलं नाही. जिथे ते नेमकं साधलंय, तिथे खालच्या बंधाऱ्याचं पाणी मागे पसरत वरच्याच्या पायथ्याला टेकतं. मग वरून कोसळणारा लोट पाण्यावर पडतो, उघड्या मातीवर पडत नाही, आणि पाया उखडायचा वाचतो. काठावरच्या फोटोत हे यायचं नाही. त्यासाठी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरायला हवं.