व्हेनिसमधील पटकी

थॉमस मान यांची ‘डेथ इन व्हेनिस’ ही १९१२ सालची लघुकादंबरी आम्हीं यंदा नव्या मुंबईंत बसून पुन्हा वाचली. एका प्रौढ लेखकाच्या रूपासक्तीची कथा म्हणून तिची कीर्ति आहे. आम्हांस मात्र या खेपेस तींतील पटकीच अधिक बोलकी वाटली.

शहरांत कार्बोलिकचा वास सुटलेला. पण हॉटेलवाला, दुकानदार, रस्त्यावरचा गवई, सारेच उष्ण वाऱ्याचें निमित्त सांगून प्रवाशांची समजूत घालतात. हंगाम बुडूं नये, एवढीच त्यांची चिंता. हें केवळ कल्पित नव्हे. १९११ सालीं मान स्वतः व्हेनिसला गेले, तेव्हां इटलींत पटकी होती व सरकार तिच्यावर पांघरूण घालीत होतें. पण या लोकांच्या मौनास निदान पोटाचें कारण आहे. आशेनबाख सत्य कळल्यावरहि त्या पोलिश कुटुंबास सावध करीत नाहीं. कां, तर ताद्झिओ निघून जाईल! येथें मान यांची लेखणी निष्ठुर होते, आणि कथेचें सारें बळ तेथेंच आहे.

एके ठिकाणीं मात्र आमचें त्यांच्याशीं जमत नाहीं. प्रवासकचेरींतील इंग्रज कारकून रोगाचा उगम गंगामुखाच्या दलदलींत, वाघ दडलेल्या बांबूंच्या वनांत सांगतो. उगम खोटा नव्हे. १८१७ ची साथ बंगालमधूनच पसरली. (फ्रेंचांनीं तर आमच्या ‘मोडशी’चें ‘मोर-द-शियाँ’, म्हणजे कुत्र्याचें मरण, करून टाकलें.) परंतु रोग रुजतो तो घाण पाण्यांत. लंडनमध्यें १८५४ सालीं जॉन स्नो यांनीं बोट ठेवलें तें ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर. १८९२ सालीं हॅम्बुर्गांत एल्ब नदीचें न गाळलेलें पाणी पिऊन आठ हजारांहून अधिक माणसें मेलीं. लागूनच असलेलें आल्टोना गाळलेल्या पाण्यामुळें बव्हंशीं वाचलें. मान तेव्हां सतरा वर्षांचे, राहणार ल्यूबेकचे. हॅम्बुर्ग तेथून फार दूर नव्हे. तरी कारकुनाच्या कथनांत हॅम्बुर्ग येत नाहीं, वाघ येतो. प्रतीक म्हणून वाघ शोभून दिसतो खरा. नळाला तें भाग्य नाहीं.

आमच्या शहरास मोरबे धरणाचें पाणी मिळतें. तरीहि आमच्या सोसायटींत एकदां गटाराचें पाणी टाकींत मिसळलें. फलकावर लिहिल्यास फ्लॅटांचे भाव पडतील, सबब लिहूं नये, असें बैठकींत ठरलें. आम्हीहि तेथें होतों, आणि आमचा फ्लॅट त्या वेळीं विकावयाचा होता. आशेनबाखला दोष देतांना आमचा आवाज चढत नाहीं, त्याचें कारण हें.